रखमाजींच्या वाढदिवसाला पाच वेळा अकरा वाजले

अंबडच्या रखमाजी घड्याळवाल्यांचा जन्म कोणत्या तारखेला झाला हे कुणालाच माहीत नव्हतं, पण किती वाजता झाला हे साऱ्या बाजारपेठेला पाठ होतं. सकाळी अकरा वाजता. शहागडच्या अलीकडच्या एका वस्तीवर त्यांची आई बाळंत झाली, तेव्हा अंगणापलीकडून अकराची मोटार गेली आणि त्याच धुरळ्यात पोरगं रडलं, असं ती मरेपर्यंत सांगायची. कोणत्या महिन्यातली मोटार, असं विचारलं की म्हणायची, मोटार तर रोजच जायची. पुढं शाळेत मास्तरांनी जूनमधली एक तारीख लिहून टाकली. पण तीच तारीख त्यांनी वर्गातल्या एकतीसच्या एकतीस पोरांना वाटली होती, त्यामुळं तिच्यावर रखमाजींचा कधी जीव बसला नाही.

जेव्हा त्यांची पंचाहत्तरी करायचं मित्रांच्या मनात आलं, त्या वेळी तारखेची काही अडचण आली नाही. अमृतशेठचं सरकीचं गोदाम रिकामं असेल, राजानंदच्या कोर्टाला सुट्टी असेल आणि सर्जेरावांच्या शेतात पाण्याची पाळी नसेल, असा जानेवारीतला एक रविवार निघाला. ज्योत्स्नाबाईंना रविवार काय नि सोमवार काय, त्या निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. ही चार माणसं रोज संध्याकाळी रखमाजींच्या दुकानापुढच्या बाकावर बसून चहा प्यायची आणि एकमेकांच्या चुका काढायची. एवढीच काय ती सत्कार समिती. तारीख कोणतीही चालेल, असा ठराव झाला, पण टाइम बिलकुल बराबर पाहिजे. घड्याळवाल्याचा वाढदिवस आहे, किराणावाल्याचा नाही.

इथवर सगळं ठीक होतं. पण राजानंद हा कोर्टासमोर टपरी टाकून लोकांचे अर्ज लिहून देणारा माणूस. साध्या गोष्टीला साधं राहू देणं त्याच्या पेशात बसत नव्हतं. त्यानं कल्पना काढली की चौघांकडची टोल्यांची घड्याळं, रखमाजींनीच दुरुस्त केलेली, गोदामाच्या एका भिंतीवर ओळीनं लावायची. पाचवं खुद्द रखमाजींच्या घरचं. पाचांवर सत्काराचे पाच टॉवेल झाकायचे. बराबर अकराला पाचही घड्याळं एकदम टोले देतील, आणि शेवटच्या टोल्याला आपण टॉवेल ओढून तेच रखमाजींच्या खांद्यावर घालू. "सारी हयात एका आवाजात ऐकू येईल," तो म्हणाला. बाकीच्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

रखमाजींनी मात्र अर्धा चहा तसाच ठेवला. कारण ती घड्याळं एकदम वाजणार नव्हती. ती कधीच एकदम वाजली नव्हती, आणि हे साऱ्या अंबडात फक्त रखमाजींना ठाऊक होतं.

त्याचं असं झालं होतं. दुकानावर पाटी होती, 'येथे टाइम बराबर करून मिळेल'. पण बराबर म्हणजे काय, ते रखमाजी ठरवायचे. दुरुस्तीला आलेलं घड्याळ दोन दिवसांत चालू व्हायचं, तरी गिऱ्हाइकाच्या हातात आठव्या दिवशी पडायचं. मधले सहा दिवस रखमाजी गिऱ्हाईक तपासायचे. डोळ्याला भिंग लावून घड्याळ बघायचे आणि भिंग काढून माणूस. हा घाईचा आहे की आळशी, घरी कोण याची वाट बघतं, याच्यामुळं कोण ताटकळतं, हे सगळं लक्षात घेऊन मगच काटा लावायचे. कुणाला पाच मिनिटं पुढं, कुणाला दहा मागं. जालन्यात ज्यांच्या हाताखाली ते शिकले त्या गुरूंनी हे बघितलं असतं तर चिमटा फेकून मारला असता. पण रखमाजींचं म्हणणं, घड्याळ काय, आपापल्या जागी ठीकच असतं. दुरुस्ती माणसाची करावी लागते.

सुरुवात अमृतशेठपासून झाली. हा माणूस तरुणपणी इतका उशिरा पोचायचा की स्वतःच्या सासऱ्याच्या बाराव्याला तेराव्या दिवशी पोचला. त्यानंतर त्याची बायको तारादेवी डोक्यावरचा पदर सावरत दुकानात आली आणि हळूच म्हणाली होती की घड्याळ वीस मिनिटं पुढं करून द्या, आणि यांना सांगू नका. रखमाजींनी करून दिलं. त्या दिवसापासून अमृतशेठची एक गाडी चुकली नाही आणि आपण फार वक्तशीर आहोत असा त्यांचा समज झाला, तो आजतागायत आहे. एकदा हात बसल्यावर रखमाजींनी पुढची माणसं न सांगताच बरी केली.

आणि तरीही रखमाजींचं नाव होतं ते अचूकपणाबद्दलच. त्याला एक थंडी कारण झाली होती. त्यांचा मुलगा भारत जन्मला त्या वर्षी पौषात एका सकाळी ते दुकानात आले आणि बघतात तर दुकानातली सगळी घड्याळं एका रात्रीत पंधरा मिनिटं मागं पडलेली. एक नाही, दोन नाही, तेवीस घड्याळं. पडताळायला खिशात साखळीचं घड्याळ होतं. ते रोज सकाळी गुरूंनी दिलेल्या घरच्या घड्याळावरून लावून आणायचे. ते बराबर होतं. घरचं चुकणं शक्यच नव्हतं. रेडिओवरून ताडून बघावं तर घरचा रेडिओ रखमाजींनी दुरुस्त करायला म्हणून उघडला होता आणि घड्याळवाल्यानं उघडलेल्या रेडिओचं जे होतं ते त्याचं झालं होतं. रखमाजींनी निदान केलं की थंडीनं घड्याळांतलं तेल गोठलं. आठ दिवस जेवणाखाणाची शुद्ध नव्हती. तेवीसही खोलली, पुसली, नवं तेल घातलं, आणि मग घरोघर जाऊन गावातली उरलेलीही पंधरा-पंधरा मिनिटं पुढं सारून दिली, फुकट. अख्खं गाव थंडीतून ओढून काढणारा माणूस, अशी तेव्हापासून ख्याती झाली. नंतर मोबाईल आले. त्यांचा टाइम या घड्याळांशी जुळेना, तर गावानं दोष मोबाईलला दिला. टॉवर लांब आहे, तिथून टाइम इथवर यायला वेळ लागणारच.

आता ही ख्याती एका रविवारी, गोदामाच्या भिंतीवर, टोल्यागणिक उतरणार होती. पंचेचाळीस वर्षांवर काळ सगळे रखमाजी-रखमाजी करतात ते एका गोष्टीसाठी, आणि तीच खोटी निघणार. लोक हसतील याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. पण या चार माणसांना आपण फसवलं असं वाटलं, तर दुकानापुढचा तो बाक रिकामा होईल, या विचारानं त्यांना अन्न गोड लागेना.

समारंभाला पाच दिवस होते. रखमाजींनी ठरवलं की घरोघर जाऊन, तेलपाण्याचं निमित्त करून, चारही घड्याळं गुपचूप एकसारखी करून टाकायची.

अमृतशेठ दुकानावर गेलेले बघून ते त्यांच्या घरी गेले. तारादेवींनी त्यांना स्टूल दिलं, पण घड्याळाला हात लागायच्या आत पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. "भाऊ, त्यांना शुक्रवारी जालन्याहून गाडी हाय. तुमी आज वीस मिनिटं काढून नेली तर त्यांना ठेसनावर काय तुमी पोचवणार?" रखमाजी स्टुलावरून उतरले. तारादेवींनी त्यांना सोबत डबाभर शेव दिली.

राजानंदचं घड्याळ त्याच्या टपरीतच टांगलेलं. ते दहा मिनिटं पुढं होतं, कारण पूर्वी पक्षकाराचं नाव पुकारलं जायचं तेव्हा हा अजून अर्जाचं शेवटचं वाक्य सजवत बसलेला असायचा. रखमाजींनी पिशवीतून पेचकस काढला तसा राजानंदनं त्यांचा हात धरला. हे आता मुद्देमालात जमा आहे, म्हणाला, कार्यक्रम होईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. वर बाजूला बसलेल्या दोन अशिलांना साक्षीदार म्हणून उभं केलं. त्या बिचाऱ्यांना वाटलं आपलीच तारीख लागली.

सर्जेरावांचं उलटं होतं. शेतकरी माणूस, गावात घर बांधून राहायला आला तरी पहाटे उठायची खोड जाईना. स्वतः उठायचे ते उठायचे, उठून पाण्याची मोटार चालू करायचे, भांडी आपटायचे आणि साऱ्या घराला विचारत फिरायचे की तुम्ही झोपला आहात का. त्यांची सून आकांक्षा लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात दुकानात येऊन रडली होती. रखमाजींनी सर्जेरावांचं घड्याळ पंधरा मिनिटं मागं सारलं. सुनेला त्या पंधरा मिनिटांनी संसार तारल्यासारखा झाला. आता ते परत पुढं घेतो म्हटल्यावर तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. "काका, एक दिवस जरी केलं ना, तरी मी बॅग भरून माहेरी जाईन आन् त्यांना खरं कारण सांगून जाईन." रखमाजींनी तिथं चहासुद्धा घेतला नाही.

राहिल्या ज्योत्स्नाबाई. त्या मुख्याध्यापिका होत्या तेव्हा बरोबर अकराला शाळेच्या फाटकाला कुलूप लावायच्या. अकरा म्हणजे अकरा. खेड्यावरची पोरं एस.टी.नं यायची आणि एस.टी. रोज सात मिनिटं उशिरा यायची. रखमाजी दुकानातून बघायचे, वीस-बावीस पोरं फाटकाच्या गजांना धरून उभी. शाळेचं घड्याळ दुरुस्तीला आलं तेव्हा त्यांनी ते सात मिनिटं मागं लावून दिलं. त्यानंतर बाईंच्या शाळेत उशिरा आलेलं एक पोर नाही. निवृत्तीच्या वेळी शाळेनं तेच घड्याळ बाईंना भेट दिलं. रखमाजी त्यांच्या घरी गेले तेव्हा बाई त्या घड्याळाची काच रुमालानं पुसत होत्या. म्हणाल्या, "रखमाजी, पंचवीस वर्षांत माझं एकही मूल उशिरा आलं नाही. लोक मला शिस्तीचं श्रेय देतात, पण मी तुम्हाला देते." रखमाजींनी पेचकस पिशवीतच ठेवला. बाईंनी दिलेला तिळाचा लाडू तेवढा त्यांनी कसाबसा गिळला.

त्या दिवशी त्यांनी बायकोला, उषाबाईंना, सगळं सांगून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा. उषाबाई ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बराच वेळ ज्वारीतले खडे वेचत राहिल्या, आणि मग भलतंच विचारलं, आपलं घड्याळ न्यायलाच पाहिजे का? रखमाजी चिडले. साऱ्या गावात एकच घड्याळ खरं आहे, म्हणाले, तेच ठेवून गेलो तर मी उभा कशाच्या भरवशावर राहू? उषाबाई पुन्हा पाखडायला लागल्या.

एक आशा उरली होती. लंबकाचं घड्याळ उचलून नेलं की बंद पडतं, ते पुन्हा चालू करून लावावं लागतं. तेव्हा गोदामात आपणच सगळी लावू, असं रखमाजींनी मनात धरलं होतं. पण रविवारी ते पोचले तर घड्याळं लागलीसुद्धा होती. ज्यानं त्यानं आपलं घड्याळ आपल्या मनगटावरच्या घड्याळावरून लावलं होतं, आणि मनगटावरचं प्रत्येकानं सकाळी त्याच टोल्यांच्या घड्याळावरून लावून आणलं होतं. चुका जशाच्या तशा, एका मिनिटाचीही इकडतिकड न होता, भिंतीवर येऊन बसल्या होत्या. वर टॉवेल. रखमाजींना घरच्या घड्याळाशीही जाऊ दिलं नाही. त्यांचं खिशातलं साखळीचं घड्याळ मागून घेऊन अमृतशेठनीच ते लावलं.

गोदामात सरकीचा वास होता आणि चाळीस-पन्नास माणसं होती. मागं फ्लेक्स लावलेला. फोटोत रखमाजींनी डोळ्याला भिंग लावलं होतं, फ्लेक्सवाल्याला तो फोटोतला डाग वाटला म्हणून त्यानं ते काढून तिथं दुसऱ्याच कुणाचा तरी डोळा बसवला होता. त्यामुळं फ्लेक्सवरचे रखमाजी अर्धे ओळखीचे वाटत होते. टेबलावर घड्याळाच्या आकाराचा बिनअंड्याचा केक. त्यावर आकडे एकपासून अकरापर्यंतच. अकराला कापायचा आहे तर बाराचं काय काम, असं बेकरीवाल्यानं विचारलं होतं आणि अमृतशेठना ते पटलं होतं.

रखमाजींना टेबलापाशी उभं केलं. हातात सुरी दिली. त्यांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. आपल्या घरच्या घड्याळानं आता दहा वाजून अडतीस मिनिटं झाली असतील. म्हणजे दोन मिनिटांनी.

दोन मिनिटांनी अमृतशेठच्या घड्याळानं अकरा टोले दिले.

बाकीची चार गप्प होती. पण अमृतशेठना त्याचं काही वाटलं नाही. दुसऱ्यांची घड्याळं मागं असणं त्यांना साहजिक वाटत होतं. त्यांनी आपला टॉवेल ओढला, रखमाजींच्या खांद्यावर घातला, हार घातला आणि केक कापा म्हणाले. रखमाजींनी सुरी टेकवली तोच राजानंदनं मनगट धरलं. अजून दहा मिनिटं आहेत, वेळेच्या आधी कापला तर कार्यक्रम अवैध ठरेल. अमृतशेठ म्हणाले, तुमचं घड्याळ झोपलंय. राजानंद म्हणाला, तुमचं टेम्पोत आपटलं असेल. लोकांनी टाळ्या वाजवायच्या की नाही हे न ठरवता आल्यामुळं अर्ध्यांनी वाजवल्या.

दहा मिनिटांनी राजानंदचं वाजलं. त्यानं उठून टॉवेल घातला, हार घातला, दोन कागदांचं मानपत्र वाचलं. त्यात थंडीची सगळी हकीगत होती, तेवीस घड्याळं, गोठलेलं तेल, आठ दिवसांचा उपास. रखमाजी सुरी धरून ऐकत होते. पुढच्या रांगेत उषाबाई मान खाली घालून बसल्या होत्या. मानपत्र वाचून होईपर्यंत रखमाजींच्या घरच्या घड्याळानं अकरा टोले दिले. रखमाजींनी श्वास सोडला. हेच खरं अकरा, आपण या वेळी जन्मलो, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी सुरी उचलली. पण आता ज्योत्स्नाबाईंनी हात वर केला. त्या आपल्या घड्याळाकडं कान लावून बसल्या होत्या. अजून वाजलं नाही, म्हणाल्या, आणि रखमाजींची सुरी पुन्हा हवेत राहिली. या टॉवेलसाठी कुणी उठलं नाही, तो उषाबाईंनी ओढायचा होता आणि त्या जागच्या हलल्या नाहीत.

सात मिनिटांनी ज्योत्स्नाबाईंचं वाजलं. बाई उठल्या, टॉवेल काढला, आणि काढता काढता थांबल्या. उघड्या घड्याळांवर एकाचा काटा अकराच्या पुढं सत्तावीस मिनिटांवर, दुसऱ्याचा सतरावर, आणि त्यांचं नुकतं अकरा. पंचवीस वर्षं हजेरी घेतलेली बाई होती ती. तिनं एकदा भिंतीकडं बघितलं, एकदा रखमाजींकडं.

"रखमाजी," त्या म्हणाल्या, "माझं घड्याळ चुकीचं आहे का?"

खोटं बोलायला रखमाजींकडं तोंड होतं, पण समोर बाई होत्या.

"सात मिनिटं मागं हाय बाई. म्याच लावलं. गाडी सात मिनिटं उशिरा यायची, पोरं फाटकाबाहेर उभी राह्यची. मला बघवत नव्हतं."

मग त्यांनी राहिलेलंही सांगून टाकलं, सुरी हातात तशीच. अमृतशेठचं वीस पुढं, राजानंदचं दहा पुढं, सर्जेरावांचं पंधरा मागं. सर्जेरावांना आधी समजेना, कारण त्यांचं घड्याळ अजून वाजलंच नव्हतं आणि ते आतापर्यंत बाकीच्यांना हसत होते. त्यांनी सुनेकडं बघितलं. आकांक्षा गोदामाच्या पत्र्यांची भोकं मोजत होती. अमृतशेठ तारादेवींकडं वळले आणि काही बोलणार तोच त्यांनी विचारलं की इतक्या वर्षांत तुमची एक तरी गाडी चुकली का. अमृतशेठ आठवायला लागले. ज्योत्स्नाबाई मात्र खुर्चीवर बसल्या होत्या, टॉवेल मांडीवर. रखमाजींना वाटलं, गेला आपला बाक. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

राजानंदनं कोर्टातल्यासारखा घसा खाकरला. "मंग दादा, खरा टाइम किती हाय?"

रखमाजींनी घरच्या घड्याळाकडं बोट दाखवलं. त्यावर अजून टॉवेल होता. "आमच्या घरचा. तेवढाच खरा. आत्ता अकरा वाजून अकरा."

"न्हाई," उषाबाई म्हणाल्या.

त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. इतक्या माणसांत बोलायची त्यांना सवय नव्हती, म्हणून त्या रखमाजींशीच बोलल्या, घरी बोलतात तशा.

"ते पंधरा मिनिटं पुढं हाय. भारत झाल्ता त्या वर्षी. तान्हं पोर घेऊन मी एकटी घरात बसून राह्यची. तुमी एकला जेवायला येतो म्हणायचे आन् दीड न्हाईतर दोनला यायचे, दुसऱ्याच्या घड्याळात डोकं घालून. एक दिवस स्टुलावर चढले आन् काटा पुढं सारला. म्हनलं, निदान तेवढे तरी लवकर येतेल."

रखमाजी त्यांच्याकडं वळले. ते म्हणाले, "आन् ती थंडी?"

"थंडी होती. घड्याळं बराबर होती."

म्हणजे तेवीस घड्याळं ठणठणीत होती. रखमाजींनी ती खोलून, तेल बदलून, सगळी चुकवून ठेवली होती, आणि मग घरोघर जाऊन अख्खं अंबड पंधरा मिनिटं पुढं ढकललं होतं. लोकांनी खिशातून मोबाईल काढले. दहा वाजून छप्पन. टॉवर जवळच होता. राजानंदनं मानपत्राची दोन्ही पानं घडी करून खिशात घातली.

सर्वात आधी उजाडलं ज्योत्स्नाबाईंच्या डोक्यात. "म्हणजे एस.टी. सात मिनिटं उशिरा येत नव्हती," त्या हळूहळू म्हणाल्या. "आठ मिनिटं आधी येत होती." हे मात्र कुणालाच पचेना. बाकी सगळं लोकांनी मान्य केलं, पण एस.टी. वेळेआधी येते हे ऐकून मागच्या रांगेतले दोघं उठून बाहेर हवा खायला गेले. बाईंचे खांदे हलायला लागले. रडताहेत असं वाटलं, तर त्या हसत होत्या. उठून त्यांनी टॉवेल रखमाजींच्या खांद्यावर घातला, आधीच्या दोनांवर. "माझी पोरं कधीच उशिरा आली नव्हती," त्या म्हणाल्या. "ना तुमच्या घड्याळानं, ना सरकारी." यात रखमाजींना माफी होती की नाही ते त्यांना समजलं नाही, पण बाईंचा हात त्यांच्या खांद्यावर जरा जास्त वेळ राहिला.

रखमाजी उषाबाईंकडं बघत होते. त्यांना राग यायला हवा होता. आला नाही.

"मला सांगायचं तरी होतं," ते म्हणाले.

"साऱ्या गावाला तुमी न सांगता मिनिटं दिली. मला कुणी द्यायची? म्या न सांगता घेतली."

अकराला तीन मिनिटं होती. सगळे वाट बघत बसले. भिंतीवर एकच घड्याळ वाजायचं राहिलं होतं, सर्जेरावांचं, सुनेच्या रडण्यावर पंधरा मिनिटं मागं सारलेलं. त्यानं टोले द्यायला सुरुवात केली तेव्हा सगळ्यांनी मोबाईल बघितले. बराबर अकरा. अंबडात इतकी वर्षं खरा टाइम एकाच घरात होता, आणि तोही रखमाजींनी मुद्दाम चुकवून दिलेला. सर्जेरावांनी छाती पुढं काढून टॉवेल ओढला. रखमाजींनी केकवरच्या अकराच्या आकड्यावर सुरी टेकवली आणि या वेळी त्यांचा हात कुणी धरला नाही. पाचवा टॉवेल उषाबाईंनी घड्याळावरून काढला, पण खांद्यावर घातला नाही. त्यानं त्यांनी रखमाजींच्या नाकाला लागलेली मलई पुसली.

दुसऱ्या दिवशी चौघेही दुकानात आले, पण एकेकटे. प्रत्येकानं हळू आवाजात एकच मागणं केलं. आपलं आहे तसं राहू द्या, बाकीच्यांची तेवढी दुरुस्त करून टाका. रखमाजींनी चौघांनाही हो म्हटलं आणि एकाही घड्याळाला हात लावला नाही. संध्याकाळी चौघं बाकावर येऊन बसले, वेगवेगळ्या वेळी, आणि प्रत्येकाला वाटलं की आपण वेळेवर आलो.

पण त्याआधी, त्या सोमवारी सकाळी, रखमाजी घरच्या घड्याळापुढं स्टुलावर चढले होते. काच उघडली, मिनिटकाट्याला बोट लावलं. आत उषाबाई भाकरी थापत होत्या, तो आवाज थांबला. रखमाजींनी बोट काढून घेतलं, घड्याळाला चावी दिली आणि काच लावली. खिशातलं साखळीचं घड्याळ त्याच्यावरून नेहमीसारखं लावलं. आतून पुन्हा भाकरीचा आवाज सुरू झाला.

दुपारी मोबाईलवर पाऊण वाजला होता तेव्हा त्यांच्या घड्याळात एक वाजला. त्यांनी समोरच्या गिऱ्हाइकाचं उघडं घड्याळ तसंच ठेवून त्यावर वाटी पालथी घातली, दुकानाचं शटर ओढलं आणि घरी जेवायला गेले.